चाळीस पानांचा साहेब

रोज एक पान हातानं लिहायचं, चाळीस दिवस. ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं! यात दारू नाही, जुगार नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही. पण पळसदेवच्या दादासोनं हे केलं आणि चाळिसाव्या दिवशी त्याच्या मागं दोन पिकअप भरून माणसं, एक सख्खा मेहुणा आणि एक सरकारी कचेरी लागली होती.

सुरुवात बारामतीत झाली. त्याच्या लेकीच्या, छकुलीच्या, क्लासची पालकसभा होती आणि क्लासवाल्यांनी फुकटात एक वक्ता ठेवला होता. वक्ता कोट घालून आला होता. मार्च संपत आलेला असताना बारामतीत जो माणूस कोट घालतो त्याचं ऐकू नये, एवढं शहाणपण दादासोजवळ होतं. पण सभागृहाला एसी होता, आणि एसीत माणसाची अक्कल गारठते.

"मोबाइल खाली ठेवा, पेन उचला!" वक्ता गरजला. "रोज एक पान, स्वतःच्या हातानं, मनातलं! चाळीस दिवस! एकेचाळिसाव्या दिवशी तुम्ही दुसराच माणूस असाल!"

दादासो सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याला पहिल्याच माणसाचा कंटाळा आला होता. लोणी देवकरच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. दुपारची पाळी, नट-बोल्ट-बेअरिंग मोजायचे आणि चौदा वर्षं "ए स्टोअर, बारा नंबरचा पाना दे" अशी हाक ऐकायची. दुसरा माणूस होण्याची संधी कोण सोडेल?

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. राजलक्ष्मी कणीक मळत होती. तिनं हात थांबवला नाही, पण हिशोब मांडला.

"योगासनं अकरा दिवस. इंग्रजी बोलायचा वर्ग सहा दिवस. बासरी चार दिवस, तीसुद्धा शेजाऱ्यांनी हात जोडले म्हणून बंद. गांडूळखताला तुम्ही तरी टिकला होता, गांडुळंच निघून गेली."

"या वेळी तसं नाही."

"इंद्रजित काय म्हणतो माहितीये ना?"

माहीत होतं. सगळ्या इंदापूर तालुक्याला माहीत होतं. इंद्रजित म्हणजे राजलक्ष्मीचा भाऊ, इंदापुरात विमा एजंट. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणाच्या पंगतीत तो हमखास उभा राहून सांगायचा, "आमचे दाजी उद्घाटनाला पहिले! समारोपाला शोधून काढा." पंगत हसायची. दादासोसुद्धा हसायचा, कारण जावयानं रागवायचं नसतं, आणि मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावायचा.

"बरं," राजलक्ष्मी म्हणाली. "चाळीस दिवस सलग पान भरलंत, तर माझ्या भावासमोर, चार माणसांत मी सांगीन, की माझा नवरा धरलेलं सोडत नाही. पण एक दिवस खाडा झाला की संपलं. मग आयुष्यात पुन्हा काही सुरू करायचं नाही. पान दाखवल्याशिवाय दुपारचं ताट नाही. आणि काय लिहिलंय ते मी वाचणार नाही. भरलंय का तेवढं लांबून बघीन."

एवढा स्वच्छ करार या देशात दोन पक्षांतसुद्धा होत नाही.

वही आणायला दादासो भिगवणला गेला. दुकानात एक तर लहान पोरांच्या कार्टूनच्या वह्या होत्या, नाही तर लांबडं, जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, पानापानावर छापील आकडा असलेलं रजिस्टर. चौदा वर्षं स्टोअरमध्ये काढलेला हात आपोआप रजिस्टरवर गेला. साऱ्या अनर्थाचं मूळ हे असं लाल कापडी होतं. पण ते त्याला तेव्हा कुणी सांगितलं नाही. एरवी सगळं सांगायला लोक हजर असतात.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी त्यानं पान एक उघडलं. 'आज लिहायला सुरुवात केली,' असं लिहिलं आणि थांबला. मनात काहीच नव्हतं. वक्त्यानं मनातलं लिहा सांगितलं होतं. मनात काही नसलं तर काय, ते कदाचित फीवाल्या शिबिरात सांगत असतील. शिवाय पंधरा वर्षं अंगठ्यानं टाइप केल्यामुळं बोटं पेन धरायला विसरली होती. अक्षर असं आलं, की जाळ्यात अडकून वाळलेली कोळंबी बरी. शेवटी त्यानं अक्षरं मोठी काढली, ओळी सोडल्या आणि पान एकदाचं भरलं. राजलक्ष्मीनं लांबून बघितलं, ताट वाढलं.

तिसऱ्या दिवशी शेजारचे अप्पा ओट्यावर आले. अप्पा कालव्यावर पाटकरी होते. पाणी सोडायचं, बंद करायचं, यात तीस वर्षं गेली. आता रिटायर झाल्यावर फक्त सल्ला सोडतात. तो बंद करायची चावी कुणाकडं नाही.

"काय लिवतोस?"

"मनातलं, अप्पा."

"खरं लिवतोस का खोटं?"

"खरंच."

"मग मेलास. लेका, बोललेलं वाऱ्यावर जातं, लिवल्यालं फायलीत जातं. तीस वर्सांत म्या एक ओळ खरी लिवली न्हाय, म्हणून पेन्शन खातोय."

मग अप्पांनी शाई निळीच का हवी, पहिल्या पानावर श्री का हवा, डावीकडं समास किती सोडावा, हे सांगितलं. त्यात पाऊण तास गेला आणि त्या दिवशीचं पान एका दमात भरलं. कारण दादासोला शोध लागला होता: राग आला की लेखणी पळते. पोटात चौदा वर्षांचा माल भरलेला होता, तो आता सुटा झाला. मॅनेजर, मेहुणा, अप्पांचा खोकला, उप्पीट, गावातला डीजे, सगळे रांगेनं रजिस्टरात उतरू लागले. बारा दिवस झाले. योगासनांचा विक्रम मोडला.

पण घरात शांतता नव्हती. मिक्सर चालू, छकुली येताजाता वाकून "पप्पा, हा ऱ्हस्व" म्हणणार, अप्पा ओट्यावर. म्हणून तेराव्या दिवशी दादासो रजिस्टर घेऊन उजनीच्या काठाला गेला.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं. जुन्या देवळाचं शिखर वर येतं, मग देऊळ येतं, आणि देवळाच्याही आधी गाळाची जमीन उघडी पडते. त्या गाळात लोक काकडी, कलिंगड, चारा करतात. जमीन सरकारची, घाम लोकांचा, आणि पावसाळ्यात पुन्हा सगळं पाण्याचं. कुणाचं किती याला कागद नाही. ज्याचं त्यानं ओळखायचं. अशा जमिनीकडं बघत, बाभळीखाली दगडावर, डोळ्याला चष्मा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र (ते तो सवयीनं अंघोळीनंतर लगेच गळ्यात घालत असे), मांडीवर लाल पाठीचं लांबडं रजिस्टर, असा एक माणूस बसला. लिहिणारा माणूस शब्द शोधताना लांब बघतो. हा डोळे बारीक करून लांब बघायचा, एका वावराकडून दुसऱ्या वावराकडं नजर न्यायचा, आणि खाली मान घालून लिहायचा.

आमच्या मुलखात कागदावर लिहिणारा माणूस दोनच कारणांनी लिहितो: काही तरी द्यायला, नाही तर काही तरी काढून घ्यायला. मन मोकळं करायला कुणी लिहीत असेल, हे लोकांना कसं सुचावं? त्यांच्यासाठी आजवर तसं कुणी लिहिलेलंच नाही.

पंधराव्या दिवशी साखरबाई आली. पलीकडं तिची काकडी होती.

"दादासोराव, माजं किती धरलं?"

"काय किती?"

"वावर वो."

"मावशी, मी इथं माझं मन मोकळं करतोय."

साखरबाईनं समजूतदारपणे मान हलवली. "करा की. पर मन मोकळं करताना माजं अर्धा एकर धरा. कडंचं खडकाळ सोडून."

आणि ओंजळभर काकड्या दगडावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी म्हस्कू आला. याच्या बापानं मेंढरं राखली, हा कलिंगडं राखतो. "सायेब, माजं कमी लिवा. लई लिवलं तर सरकार म्हनंल, माजला ह्यो."

"अहो म्हस्कूराव, मी सरकारी नाही!"

"व्हय, व्हय. आमी बी कुनाला सांगत न्हाय."

त्याच्या पुढच्या दिवशी म्हस्कू परत. "सायेब, भरपाईचं असंल तर जास्त लिवा. आदी सांगा तरी, द्यायचं हाय का न्यायचं हाय?"

दादासो जितकं नाही म्हणायचा, तितकं लोकांना पटायचं. खरा अधिकारी कधी कबूल करत असतो काय? आठवड्याभरात बाभळीखाली रांग लागली. कुणी आधारची झेरॉक्स आणली, कुणी रेशनकार्ड. दोघा भावांनी बांधावरून भांडून त्यालाच मध्ये पावलं टाकायला लावली. त्यानं टाकली.

इथं दादासोची बाजू घेता येत नाही, आणि मी घेणारही नाही. कारण त्याला ते आवडायला लागलं होतं. जो माणूस चौदा वर्षं "ए स्टोअर" होता, त्याला दिवसातून सात जण साहेब म्हणत होते. पहिल्या दिवशी तो "अहो, मी सरकारी नाही, माझा काही संबंध नाही," असं हात हलवून सांगत होता. चौथ्या दिवशी नुसतं "नाही हो" उरलं. विसाव्या पानाच्या सुमारास नुसती मान हलायची. बाविसाव्या दिवशी मानही हलली नाही; फक्त एक मंद, अधिकृत हसू आलं. त्या दिवशी म्हस्कूनं कलिंगड दिलं. दादासोनं घेतलं. राजलक्ष्मीनं विचारलं, "कुठून?" तो म्हणाला, "लेखनातून." मराठी लेखनातून मिळालेलं हे बहुधा पहिलंच कलिंगड.

अडतिसाव्या दिवशी नोटीस आली. इंदापुरातल्या एका कचेरीतून. कुठल्या खात्याची ते सांगत नाही. सगळ्या कचेऱ्यांत पंखा तसाच कुरकुरतो. 'आपण कोणत्या अधिकाराने बुडीत क्षेत्राच्या नोंदी घेत आहात व शेतकऱ्यांकडून फळे स्वीकारत आहात, याबाबत सदर रजिस्टरासह शुक्रवारी सकाळी दहा वाजता समक्ष हजर राहावे. कसूर केल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.'

दादासोचं बोट दोन शब्दांवर थांबलं. सदर रजिस्टरासह! त्या रजिस्टरात सारं गाव होतं, आणि एकालाही सोडलेलं नव्हतं. ते कुणी वाचलं, तर पळसदेवात त्याला पाणी कोण देणार? वाईट पानं फाडावीत म्हटलं, तर पानापानावर आकडा छापलेला, आणि फाडलेलं पान चाळिसातून वजा. लपवावं तर कसूर. शिवाय शुक्रवार हाच चाळिसावा दिवस.

"सकाळी लवकर लिहा आणि जा," राजलक्ष्मी म्हणाली.

पण शुक्रवारी आठच्या आधीच दारात दोन पिकअप हॉर्न वाजवत उभ्या. यादी मंजुरीला चाललीय, ही बातमी रात्रीतच पसरली होती. साखरबाई, म्हस्कू, दोघे भाऊ, एकमेकांशी न बोलता एकाच गाडीत. पुढच्या सीटवर अप्पा. "चल लेका, उशीर नगो." दादासोनं विचार केला, काही बिघडत नाही. कचेरीत दोन तास तर बाकावर बसवतातच. तिथं लिहू.

आणि नेमकं त्याच दिवशी त्या कचेरीनं स्थापनेपासूनचं पहिलं काम वेळेवर केलं. दहाला पाच कमी असताना क्लार्क भाऊसाहेबांनी हात पुढं केला. "रजिस्टर आणा. जमा."

"भाऊसाहेब, फक्त एक पान लिहू द्या. अर्धा तास."

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "पुराव्यात फेरफार? माझ्यासमोर?"

रजिस्टर कपाटात गेलं. चौकशी करणाऱ्या मॅडम मीटिंगमध्ये होत्या. अकरा वाजले, बारा वाजले. राजलक्ष्मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. डब्याचं झाकण उघडलं नाही. करार म्हणजे करार. साडेबाराला इंद्रजित आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण समारोप चुकवील तर तो विमा एजंट कसला?

"काय दाजी, आजचं पान झालं का?"

दादासोनं कपाटाकडं बघितलं.

"एकोणचाळीस!" इंद्रजित खुशीत म्हणाला. "एका दिवसानं! हे म्हंजे लईच झालं, पुढच्या महिन्यात आत्याकडं बारसं हाय."

एक वाजता मॅडम आल्या. तरुण होत्या, थकलेल्या होत्या. "तक्रार कुणाची?"

भाऊसाहेबांनी कागद वाचला, आणि सगळ्यांच्या माना अप्पांकडं वळल्या.

"अप्पा, तुम्ही?" दादासोच्या तोंडून निघालं.

"मग!" अप्पा उसळले. "साऱ्या गावाचं लिवलंस, आन् भिंतीला भिंत लागून असल्याल्या शेजाऱ्याला इचारलं बी न्हाईस! माजा बी दोन गुंठे चारा हाय तितं!"

"वाचा," मॅडम म्हणाल्या. "कुणाच्या नावावर किती क्षेत्र लावलंय बघू."

गाव पुढं सरकलं. भाऊसाहेबांनी खणखणीत आवाजात सुरू केलं. "पान तीन. 'अप्पांचा सल्ला आणि अप्पांचा खोकला एकदम सुरू होतात. त्यातला खोकला तरी खरा असतो.'"

हशा झाला. अप्पांना नेमका खोकला आला.

"पान पंधरा. 'साखरबाईंनी काकड्या दिल्या. कडू होत्या. उद्या विचारलं तर गोड होत्या म्हणेन. मी भित्रा आहे.'"

"आगं बया!" साखरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आन् मी रोज देत हुते वो!"

"पान सतरा. 'म्हस्कूची जमीन सरकार देणार म्हटलं की वाढते आणि नेणार म्हटलं की आटते. उजनीला हे जमत नाही.'"

म्हस्कू सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याला हे कौतुकच वाटलं.

"पान बावीस. 'आज सात जणांनी साहेब म्हटलं. मी खोटं बोललो नाही. फक्त नाही म्हणालो नाही. कलिंगड लाल निघालं. मला गेलं नाही.'"

पंखा कुरकुरत राहिला. दादासो फरशीकडं बघत होता. भाऊसाहेबांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "पान एकतीस. 'राजलक्ष्मी आज...'"

"थांबा."

राजलक्ष्मी उठली होती. डबा तसाच हातात. "ते वाचायचं नाही."

"बाई, चौकशी चालू आहे."

"असू दे. मी या माणसाच्या घरात राहते. हे रजिस्टर चाळीस दिवस माझ्या फडताळात होतं, उघडं. मी एक ओळ वाचली नाही. मला वाचावंसं वाटत नव्हतं काय? तुम्ही कोण लागून गेलात? मिटा ते."

भाऊसाहेबांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मिटा." मग दादासोला म्हणाल्या, "हे सर्वेक्षण नाही, हे मला समजलं. पण फाइलला समजलं पाहिजे. लेखी खुलासा द्या. टाइप केलेला नको, स्वतःच्या हस्ताक्षरात. पूर्ण पान. तारीख आणि सही."

भाऊसाहेब कोरा कागद पुढं सरकवत पुटपुटले, "आता हा बाहेर जाऊन दोन ओळींसाठी अर्जवाला शोधणार."

दादासोनं कागद घेतला. क्षणभर लांब, खिडकीबाहेर पाहिलं, आणि मान खाली घातली. पेन एकदाही थांबलं नाही.

'मी खाली सही करणार दादासो खुलासा करतो, की मी कोणत्याही अधिकाराने लिहीत नव्हतो. लिहायला अधिकार लागतो हे मला माहीत नव्हतं. मी काठावर बसून स्वतःची मोजणी करत होतो. क्षेत्र कमी भरलं. लोकांनी साहेब म्हटलं, ते मी काढून टाकायला हवं होतं, पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. कलिंगड एक घेतलं, काकड्या पुष्कळ. लोकांची चूक नाही. त्यांच्याकडं आजवर जो लिहायला आला, तो त्यांना न विचारता लिहून गेला. म्हणून लिहिणारा दिसला की ते धावत येतात...'

असं पानाच्या तळापर्यंत. खाली तारीख, सही. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि आवकचा शिक्का मारला. दादासोनं झेरॉक्सवर पोच मागितली. तिच्यावरही शिक्का बसला.

पोच घेऊन तो बाहेर पायऱ्यांवर राजलक्ष्मीसमोर उभा राहिला. तिनं लांबून बघितलं.

"तारीख आजची. हात तुमचा. पान भरलंय." आणि डब्याचं झाकण उघडलं.

"ताई, हे धरायचं न्हाय!" इंद्रजित ओरडला. "रजिस्टरात कुठं हाय?"

"मी पान म्हणाले होते, रजिस्टर म्हणाले नव्हते. आणि गोल शिक्का बघ. तुझ्या कुठल्या बोलण्यावर असा बसलाय आजवर?" मग ती पळसदेवच्या सगळ्या गावाकडं वळली आणि कचेरीच्या पायऱ्यांवर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "माझा नवरा धरलेलं सोडत नाही. ऐकलंत? इंद्रजित, तूही ऐक. आणि बारशाला हे सांग."

दादासो पायरीवर बसून चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी खात होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कालवण तिखट होतं, असं तो नंतर म्हणाला. अप्पा शेजारी येऊन बसले, भाकरीचा चतकोर मोडून घेतला आणि खोकून म्हणाले, "अक्षर सुदरलं हां तुजं." त्यांचा राखायचा तो मान राखला गेला होता, पान तीन, म्हणजे सगळ्यांच्या आधी.

रजिस्टर मात्र मिळालं नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत ते दप्तरी जमा राहील, असं भाऊसाहेब म्हणाले. पण ते घरी नेऊन वाचतात, अशी माझी पक्की माहिती आहे.

परतीच्या पिकअपमध्ये गावानं बसल्याबसल्या या सगळ्याचा अर्थ लावला. यादी सरकारनं ठेवून घेतली. शिक्का मारला. मॅडमनी सही घेतली. म्हणजे काय झालं? मंजूर झालं. दादासोनं शपथा घेतल्या. "व्हय, व्हय," सगळे म्हणाले.

शनिवारी, एकेचाळिसाव्या दिवशी, सकाळी पैज नव्हती, करार नव्हता, ताटाची अडवणूक नव्हती. राजलक्ष्मी उठली तर दादासोचं अंथरूण रिकामं, आणि छकुलीच्या फुलस्केप कागदांतले चार गायब. तो बाभळीखाली दगडावर बसला होता. ओळखपत्र घरी ठेवून आला होता. पाणी आणखी मागं सरकलं होतं, देवळाच्या पायऱ्या दिसायला लागल्या होत्या. मांडीवर कागद, कागदाखाली छकुलीचा परीक्षेचा पॅड, आणि लेखणी चालू.

मागून चपलांचा आवाज आला. म्हस्कू होता, काखेत कलिंगड. त्यानं सुट्या कागदांकडं निरखून बघितलं, इकडंतिकडं पाहिलं, जवळ वाकला आणि हळूच विचारलं,

"पुरवणी यादी व्हय?"